वन्यजीव आरोग्य आणि संवर्धन प्रकल्पांसाठी अनुदान कसे शोधावे

वन्यजीवांच्या आरोग्यावर काम करणाऱ्यांना अनुदान मिळवताना येणारी पहिली अडचण अशी की त्यांचा प्रकल्प नेमका कोणाच्या कार्यकक्षेत येतो हे ठरवणेच कठीण जाते. संवर्धनासाठी निधी देणाऱ्या संस्थांना अधिवास, अवैध शिकार आणि स्थानिक लोकांचा सहभाग हे विषय परिचयाचे असतात; मात्र अर्जात रक्ताचे नमुने, पीसीआर चाचण्या आणि शवविच्छेदन यांचा उल्लेख आला की हे काम वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्यांचे आहे, असे त्यांना वाटू लागते. दुसरीकडे, मानवी आरोग्यासाठी निधी देणाऱ्या संस्था वन्यप्राण्याकडे बहुधा माणसाला होणाऱ्या रोगाचा उगम म्हणून पाहतात आणि त्या प्राण्याचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण असतो. म्हणून निधीचा शोध संस्थांच्या याद्या चाळण्यापासून सुरू करू नये. आपल्या प्रकल्पाचा प्रश्न कोणता आहे आणि तोच प्रश्न आणखी कोणाला पडलेला आहे, येथून सुरुवात करावी.

प्रश्न एका पानावर मांडा

कोणताही अर्ज भरण्यापूर्वी एक पानभर टिपण तयार करावे. कोणती प्रजाती किंवा कोणता समूह, कोणता रोग किंवा आरोग्याची कोणती समस्या, तिचा प्रजातीच्या टिकून राहण्यावर काय परिणाम होतो, आणि उत्तर मिळाल्यावर कोण कोणती कृती करणार, एवढेच त्यात असावे. शेवटचा मुद्दा बहुतेकांकडून राहून जातो आणि परीक्षकांची नजर सर्वांत आधी तेथेच जाते.

दक्षिण आशियातील गिधाडांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९९० च्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने घटू लागली तेव्हा एखाद्या संसर्गजन्य रोगाचा संशय घेतला जात होता. मेलेल्या पक्ष्यांची पद्धतशीर तपासणी झाली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे दिसून आले. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. रोगनिदानाच्या कामातून थेट धोरणात्मक निर्णय कसा निघतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी प्रकरणे थोडी आहेत. आपल्या टिपणातही निदानापासून निर्णयापर्यंतची वाट अशीच स्पष्ट दिसली पाहिजे, मग ती कितीही लहान असो.

एकच प्रकल्प दोन-तीन बाजूंनी मांडता येतो आणि तसे करण्यात काहीही गैर नाही, फक्त प्रत्येक मांडणी खरी असावी. टांझानियातील सेरेंगेटीतील सिंहांमध्ये १९९४ साली कॅनाइन डिस्टेंपरची, म्हणजे मुख्यतः कुत्र्यांत आढळणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाची, साथ येऊन सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले, आणि या साथीचा संबंध परिसरातील पाळीव कुत्र्यांशी जोडला गेला. अशा परिस्थितीत ‘सिंहांचे संरक्षण’ ही मांडणी प्रजाती-संवर्धन निधीला पटेल. ‘गावातील कुत्र्यांचे लसीकरण’ ही मांडणी प्राणिकल्याण आणि रेबीज-प्रतिबंध यांसाठी पैसे देणाऱ्यांना जवळची वाटेल. आणि ‘माणूस, पाळीव जनावरे व वन्यप्राणी यांच्यातील रोगप्रसार’ ही मांडणी ‘वन हेल्थ’च्या चौकटीत, म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणाऱ्यांकडे, नेता येईल. काम तेच राहते. पण त्यातील कोणता भाग कोणाच्या पैशातून होणार, हे वेगवेगळे लिहावे लागते. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेणे मात्र गैरव्यवहारात मोडते. म्हणून प्रत्येक अर्जात अन्यत्र केलेल्या अर्जांचा उल्लेख स्वतःहून करावा.

शोध उलट दिशेने घ्या

अनुदानांच्या जाहिराती वाचत बसण्यापेक्षा, आपल्यासारखे काम आधी कोणी केले आणि त्याला पैसे कोणी दिले, हे शोधणे अधिक फलदायी ठरते. संशोधन-लेखांच्या शेवटी असलेला ऋणनिर्देश ही या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी जागा आहे. आपल्या प्रजातीवर किंवा रोगावर गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेले वीस-पंचवीस लेख घेऊन त्यांतील निधीदात्यांची नावे एका तक्त्यात उतरवली की काही नावे पुन्हा पुन्हा येऊ लागतात. संमेलनांच्या पुस्तिका आणि स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल यांतूनही अशीच माहिती मिळते.

त्यानंतर प्रत्येक निधीदात्याने आजवर कोणाला किती रक्कम दिली ते पाहावे. अमेरिकेतील खासगी प्रतिष्ठानांना दर वर्षी करखात्याकडे ९९०-पीएफ नावाचे विवरणपत्र भरावे लागते; ते सार्वजनिक असते आणि त्यात दिलेल्या अनुदानांची यादी असते. ब्रिटनमधील अनेक निधीदाते आपली माहिती ‘३६०गिव्हिंग’ या उपक्रमाद्वारे खुली करतात आणि ती ‘ग्रँटनॅव्ह’ या साधनावर विनामूल्य शोधता येते. ‘कँडिड’ या संस्थेची निधीदात्यांची निर्देशिका बरीच विस्तृत आहे; तिच्या पूर्ण वापरासाठी वर्गणी लागते, परंतु काही ग्रंथालये आपल्या वाचकांना ती उपलब्ध करून देतात. अमेरिकी सरकारच्या अनुदानांसाठी ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ हे अधिकृत संकेतस्थळ आहे. संस्थेचे उद्दिष्टपत्र काहीही सांगत असले तरी तिचा खरा कल मागील अनुदानांच्या यादीतच कळतो. एखाद्या प्रतिष्ठानाने पाच वर्षांत केवळ सागरी कासवे आणि व्हेल यांच्यासाठी पैसे दिले असतील, तर त्याच्या माहितीपत्रकात ‘सर्व वन्यजीव’ असे लिहिलेले असूनही बेडकांच्या बुरशीजन्य रोगाचा अर्ज तेथे टिकण्याची शक्यता कमीच.

काही निधीदाते आणि त्यांचे स्वभाव

वन्यप्राण्यांच्या आरोग्यावरील संशोधनाला थेट पैसे देणाऱ्यांमध्ये मॉरिस ॲनिमल फाउंडेशनचे नाव आधी घ्यावे लागेल. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था कुत्रे, मांजरे आणि घोडे यांच्याबरोबरच वन्यप्राण्यांवरील अभ्यासांनाही अनुदान देते. पर्वतीय गोरिलांवर जंगलातच उपचार करणारा पशुवैद्यकीय प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला तो याच संस्थेच्या पाठबळावर. येथे तपासता येण्याजोगे गृहीतक, योग्य नमुनासंख्या आणि सांख्यिकी विश्लेषणाची योजना यांना महत्त्व असते. केवळ उपचार शिबिर किंवा बचावकेंद्र चालवण्यासाठी हा दरवाजा योग्य नव्हे. १९५१ साली स्थापन झालेली वाइल्डलाइफ डिसीज असोसिएशन ही व्यावसायिक संघटना आहे. तिच्याकडून मिळणारे साहाय्य आकाराने लहान असते, परंतु विद्यार्थ्यांसाठी आणि कामाला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी तिचे सदस्यत्व ओळखी वाढवण्याच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

प्रजातीकेंद्री कामासाठी मोहम्मद बिन झायेद स्पीशीज कन्झर्वेशन फंड हा अर्जाच्या दृष्टीने सर्वांत सुटसुटीत पर्यायांपैकी एक आहे. येथे एका अनुदानाची कमाल मर्यादा २५,००० डॉलर असून अर्ज थोडक्यात लिहावा लागतो, आणि फारशा प्रसिद्ध नसलेल्या प्रजातींकडेही, म्हणजे कीटक, बुरशी आणि वनस्पतींकडेही, लक्ष दिले जाते. रफर्ड फाउंडेशन लहान अनुदाने टप्प्याटप्प्याने देते: पहिले काम नीट पूर्ण झाले की पुढच्या अनुदानाचा मार्ग खुला होतो. हाताशी फारसा अनुभव नसलेल्यांनी येथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या लहान अनुदानाचा वेळेवर दिलेला अहवाल हा पुढील सर्व अर्जांतील सर्वांत भक्कम पुरावा असतो. १९८५ पासून चालत आलेला कन्झर्वेशन लीडरशिप प्रोग्रॅम तरुण संवर्धकांच्या गटांना निधी व प्रशिक्षण देतो. तेथे एकट्याने अर्ज करता येत नाही.

काही निधी भूगोलाने बांधलेले असतात. २००० साली सुरू झालेला क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंड केवळ जैवविविधतेच्या ‘हॉटस्पॉट’ प्रदेशांत, म्हणजे जेथे जैवविविधता विपुल पण धोक्यात आहे अशा प्रदेशांत, काम करतो. प्रत्येक प्रदेशासाठी त्याने आधीच प्राधान्यक्रमाचा दस्तऐवज तयार केलेला असतो आणि त्या दस्तऐवजात आपले स्थळ किंवा प्रजाती नसेल तर अर्जाचा उपयोग होत नाही. ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत राबवला जातो. तो स्थानिक समुदायांच्या संस्थांसाठी आहे आणि अर्जांवरील निर्णय त्या त्या देशातील समिती घेते, त्यामुळे आधी देशातील समन्वयकाशी बोलणे हिताचे असते. ब्रिटिश सरकारच्या डार्विन इनिशिएटिव्हमध्ये जैवविविधतेबरोबर गरिबी कमी होण्याचाही विचार करावा लागतो, म्हणून जनावरांच्या लसीकरणातून पशुपालकांचे नुकसान कसे टळेल हे दाखवू शकणाऱ्या प्रकल्पाला तेथे आधार सापडू शकतो.

मोठ्या रकमांच्या बाबतीत सावध राहावे. जागतिक बँकेकडे असलेला आणि २०२२ मध्ये स्थापन झालेला पँडेमिक फंड ‘वन हेल्थ’साठी पैसे देतो खरा, परंतु तेथे देशांची सरकारे मान्यताप्राप्त अंमलबजावणी संस्थांच्या साहाय्याने अर्ज करतात; लहान संस्थेने थेट अर्ज करण्याची ती जागा नाही. आपल्या देशाचा प्रस्ताव तयार होत असताना वन्यजीव रोगनिरीक्षणाचा भाग आपण सांभाळू शकतो, असे संबंधित मंत्रालयाला कळवणे हाच तेथील व्यवहार्य मार्ग होय. सरकारी पैशाला राजकीय निर्णयाची टांगती तलवार असते, हेही विसरू नये. प्रेडिक्टसारखा वन्यप्राण्यांतील विषाणू शोधणारा प्रकल्प अनेक देशांत चालवणारी अमेरिकेची यूएसएड ही संस्था २०२५ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर पूर्णपणे विसंबलेली कामे अर्ध्यावर राहिली. कोणत्याही एका स्रोताकडून अर्ध्याहून अधिक खर्च भागत असेल, तर दुसऱ्या स्रोताचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.

पात्रता आधी, लेखन नंतर

निधीदात्याच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे कंटाळवाणे असते, पण नाकारलेल्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज गुणवत्तेपर्यंत पोहोचतच नाहीत; ते पात्रतेतच गळतात. संस्था नोंदणीकृत असावी लागते का, व्यक्तीला अर्ज करता येतो का, पदवीच्या अभ्यासाचा खर्च चालतो का, पिंजऱ्यातील प्राण्यांवरील काम चालते का, पगार मान्य आहेत का, प्राण्यांना पकडणे किंवा मारणे आवश्यक असलेल्या पद्धतींवर बंदी आहे का, या प्रश्नांची उत्तरे आधी नोंदवावीत. उत्तर संदिग्ध असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्याला चार-पाच ओळींचे पत्र लिहावे. ‘हा प्रकल्प आपल्या प्राधान्यक्रमात बसतो का’ असा नेमका प्रश्न विचारलेल्या पत्राला बहुधा उत्तर मिळते, आणि नकार आला तरी अर्ज लिहिण्याचे कष्ट वाचतात.

रक्कमही आपल्या क्षमतेला साजेशी मागावी. ज्या संस्थेचा वार्षिक खर्च १०,००० डॉलर आहे तिने ३ लाख डॉलर मागितले तर हिशेब सांभाळण्याची यंत्रणा तिच्याकडे आहे का, ही शंका परीक्षकाला येणारच.

नमुनासंख्या आणि परवाने

वन्यजीव आरोग्याच्या अर्जांची खरी कसोटी पद्धतीच्या भागात लागते. ‘शक्य तितके नमुने गोळा करू’ असे लिहिणे म्हणजे अर्ज स्वतःच्या हाताने बाजूला ठेवण्यासारखे आहे. रोग आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तरी गणित मांडता येते. मोठ्या समूहात किमान ५ टक्के प्राण्यांना संसर्ग असेल आणि चाचणी अचूक असेल, तर त्यांपैकी निदान एक बाधित प्राणी ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी यादृच्छिकपणे निवडलेले सुमारे ५९ नमुने लागतात. प्रमाण १० टक्के असेल तर २९ पुरतात, आणि १ टक्का असेल तर ही संख्या ३०० च्या घरात जाते. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की ३० प्राणी तपासून एकही बाधित सापडला नाही, तरी समूहात सुमारे १० टक्क्यांपर्यंत संसर्ग असू शकतो. तेव्हा ‘रोग आढळला नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी किती नमुने तपासणार, हे अर्जात आधीच सांगितले पाहिजे. चाचणी मूळ पाळीव जनावरांसाठी बनवलेली असेल तर ती या प्रजातीसाठी कितपत विश्वासार्ह आहे आणि निकालाची खातरजमा कशी करणार, हेही लिहावे. अशा दोन वाक्यांमुळे अनुभवी परीक्षकाचा विश्वास बसतो.

परवान्यांचे वेळापत्रक हा दुसरा नाजूक भाग. वन्यप्राणी पकडण्याची आणि नमुने घेण्याची परवानगी, प्राणिविषयक नीतिसमितीची मान्यता, भुलीच्या नियंत्रित औषधांचा परवाना, आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असल्यास सायटीस करारातील, म्हणजे संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारातील, प्रजातींसाठी निर्यात व आयात परवाने, अशी ही मालिका लांबत जाते. २०१४ मध्ये अमलात आलेल्या नागोया करारानुसार जनुकीय सामग्रीच्या वापराबाबत मूळ देशाची संमती आणि लाभवाटपाचा करारही लागू शकतो. नमुन्यांची तपासणी देशातच करणारी प्रयोगशाळा सापडली तर यातील बराच त्रास टळतो आणि स्थानिक क्षमता वाढवण्याचे कामही होते; निधीदात्यांना हा मुद्दा आवडतो, हे ध्यानात ठेवावे. परवाने हाती नसतील तर ‘अर्ज केला आहे’ असे प्रामाणिकपणे लिहून त्याची पोच जोडावी आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य काही महिन्यांनंतर सुरू होईल असे वेळापत्रक आखावे.

भागीदारांची पत्रेही केवळ औपचारिक असू नयेत. प्रयोगशाळेच्या पत्रात किती नमुने, कोणत्या दराने आणि किती दिवसांत तपासले जातील हे असावे. संरक्षित क्षेत्राच्या प्रशासनाच्या पत्रात निष्कर्षांचा वापर कसा होईल हे असावे. ‘या स्तुत्य उपक्रमाला आमच्या शुभेच्छा’ एवढेच सांगणारे पत्र न जोडलेले बरे.

अंदाजपत्रक

आरोग्य प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात चाचणीचा दर लिहिलेला असतो, पण त्या चाचणीपर्यंत नमुना पोहोचवण्याचा खर्च राहून जातो. शीतसाखळी, द्रव नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ, तिहेरी आवरणाची मान्य वेष्टने, जैविक पदार्थ स्वीकारणाऱ्या कुरियरचे शुल्क, संशयास्पद निकालांच्या फेरचाचण्या, संरक्षक पोशाख, कर्मचाऱ्यांचे रेबीजविरोधी पूर्वलसीकरण आणि विमा, तसेच शवविच्छेदनानंतरच्या कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट यांची स्वतंत्र नोंद करावी. प्रत्येक रकमेपुढे ती कशी आली याचे गणित द्यावे: नमुन्यांची संख्या गुणिले दर, दिवस गुणिले वाहनभाडे. गोल आकडे दिसले की ते अंदाजाने टाकले असावेत, अशी शंका येते, आणि बहुधा ती खरी असते.

कार्यालयीन खर्चाचा प्रश्न अवघड आहे. अनेक लहान निधीदाते अप्रत्यक्ष खर्च मुळीच देत नाहीत किंवा त्यावर ठरावीक टक्क्यांची मर्यादा घालतात. लेखापालाचा वेळ, जागेचे भाडे, लेखापरीक्षण हे खर्च मात्र होतातच. नियम परवानगी देत असतील तेथे त्यांपैकी प्रकल्पाशी थेट जोडता येणारा भाग प्रत्यक्ष खर्च म्हणून दाखवावा, आणि नसतील तर तो भार कोण उचलणार हे आधी ठरवावे. प्रत्येक नवे अनुदान तोट्यात घेत गेलेली संस्था बाहेरून यशस्वी दिसत असतानाच आतून पोखरली जाते. परकीय चलनात येणाऱ्या रकमेच्या बाबतीत विनिमय दरातील चढउतार आणि बँकेचे शुल्क धरावे. शिवाय अनेक देशांत परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेला स्वतंत्र सरकारी नोंदणी किंवा मंजुरी लागते. ती नसताना मंजूर झालेले अनुदान खात्यात घेताच येत नाही. अशा वेळी पात्र असलेल्या यजमान संस्थेमार्फत अर्ज करण्याचा पर्याय कायद्याने खुला आहे का, हे अर्जापूर्वी तपासावे.

साथ आली तर

नेहमीची अनुदाने मिळायला सहा महिने ते वर्षभर लागते, आणि साथ तितका काळ थांबत नाही. २०१५ साली कझाकस्तानात सायगा हरणे काही आठवड्यांत २ लाखांहून अधिक संख्येने मेली. पाश्चरेला जीवाणूमुळे झालेल्या त्या मृत्यूंचा छडा लागू शकला, कारण संशोधकांचा एक गट आधीपासून क्षेत्रात उपस्थित होता. आणीबाणीसाठी काही त्वरित निधी असतात, उदाहरणार्थ नैसर्गिक जागतिक वारसास्थळांसाठी असलेली रॅपिड रिस्पॉन्स फॅसिलिटी, पण त्यांचे क्षेत्र मर्यादित आहे. म्हणून नियमित प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच मृत प्राण्यांच्या तपासणीसाठी लहानशी राखीव तरतूद ठेवण्याची परवानगी मागावी आणि ती कोणत्या परिस्थितीत वापरली जाईल हे आधीच लिहून द्यावे.

निर्णयानंतर

अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे अभिप्राय मागावेत. ते मिळाले तर आक्षेप पद्धतीवर आहे, रकमेवर आहे की विषय त्यांच्या कक्षेत बसत नाही यावर आहे, हे वेगळे करावे, कारण पहिल्या दोन आक्षेपांवर दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो आणि तिसऱ्यावर दुसरा निधीदाताच शोधावा लागतो.

अर्ज मंजूर झाला तर स्वाक्षरी करण्यापूर्वी करारनामा पूर्ण वाचावा. पैसे आगाऊ मिळणार की खर्चानंतर परतफेडीच्या स्वरूपात, हे लहान संस्थेसाठी निर्णायक असते. मिळालेल्या माहितीवर मालकी कोणाची, ती किती मुदतीत खुली करायची, संकटग्रस्त प्राण्यांची नेमकी ठिकाणे गुप्त ठेवता येतील का, आणि अधिसूचित रोग आढळल्यास सरकारी यंत्रणेला कळवण्याच्या कायदेशीर कर्तव्याशी करारातील गोपनीयतेचे कलम विसंगत ठरते का, हे मुद्दे लेखी स्पष्ट करून घ्यावेत. अंदाजपत्रकातील एका शीर्षाची रक्कम दुसरीकडे वळवण्यासाठी किती टक्क्यांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, तेही विचारून ठेवावे, कारण क्षेत्रात गेल्यावर पहिला बदल बहुधा वाहनाच्या किंवा नमुने पाठवण्याच्या खर्चातच करावा लागतो.